डार्क मॅटर की मॉन्ड?

सांगलीत बी.एस्सी. करणारा भाचा अडलाय: सेमिनारला डार्क मॅटर (न दिसणारा, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारा पदार्थ) घ्यावा की मॉन्ड (गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलणारा सिद्धांत)? ‘डार्क मॅटरमुळेच गुरुत्वाकर्षण निर्माण होतं’ हे व्हिडिओतलं पिल्लू आधी बाजूला ठेव रे. आंबा खाली पडायला पृथ्वीचं साधं वस्तुमान पुरतं.

दीर्घिकांच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या तारासमूहांच्या) कडेचे तारे, दिसणाऱ्या वस्तुमानावरून असलेल्या अपेक्षेपेक्षा वेगानं फिरतात. इथं भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रोम यांचा १९८३ चा मॉन्ड सरस: नवा पदार्थ न मानता अगदी क्षीण त्वरणाला नियमच बदलतो आणि एका स्थिरांकावर बहुतेक दीर्घिकांतले वेग सांभाळतो. दीर्घिकासमूहांत मात्र तोकडा पडतो. बुलेट क्लस्टरमध्ये (एकमेकांवर आदळलेल्या दोन दीर्घिकासमूहांत) तर बहुतेक वायू मध्ये अडकलाय आणि वस्तुमान दोन्ही बाजूंना पुढं गेलंय; २००६ च्या विश्लेषणानं डार्क मॅटरचं पारडं जड झालं. वैश्विक पार्श्वप्रारणही (विश्वाच्या सुरुवातीच्या काळातलं उरलेलं प्रारण) त्याच बाजूचं. पण डार्क मॅटरचा कण अजून कुठल्याच प्रयोगशाळेला सापडलेला नाही, ही उधारी मोठीच.

वेगाचे आलेख काढून दाखवायचे तर मॉन्ड घे, विश्वरचनेवर बोलायचं तर डार्क मॅटर.