'स्पोर्ट्स मिनरल प्रोफाइल': सहा आकडे, पण फेरिटिन कुठंय?

सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह. खेळाडूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रक्ततपासणीच्या पॅकेजमध्ये सहसा एवढंच असतं. रिपोर्ट भरगच्च दिसतो, कामाचं त्यात थोडं.

सोडियम 135 ते 145 मिलिमोल प्रति लिटर. मूत्रपिंडं हा आकडा अहोरात्र सांभाळतात, त्यामुळे निवांत दिवशी तो नॉर्मलच येणार. घामातून किती मीठ जातं, हे त्यावरून कळत नाही. सोडियम घसरतं ते बहुतेकदा शर्यतीत, तेही मीठ संपून नव्हे, तर पाणी जास्त ढोसून. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्क्यांचं सोडियम 135 किंवा त्याखाली निघालं. धावताना वजन वाढलेल्यांना धोका सर्वाधिक. इथे वजनकाटा जास्त उपयोगी: तासाभराच्या सरावात किलोभर वजन घटलं आणि अर्धा लिटर पाणी पोटात गेलं असेल, तर घाम दीड लिटर.

पोटॅशियमचा आकडा तर सॅम्पल घेतानाच बिघडतो. दंडाला पट्टा बांधून मूठ उघड-मीट करायला लावली, की स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात येतं. नळी जोरात हलवली, तर तांबड्या पेशी फुटून आकडा आणखी चढतो. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' लिहिलेलं असेल, तर तो आकडा सोडून द्या, सॅम्पल पुन्हा द्या.

मॅग्नेशियमबद्दल तर बोलूच नये. शरीरातल्या साठ्यापैकी जेमतेम एक टक्का रक्तात असतो, बाकी हाडांत आणि पेशींत. पायात गोळे येतात म्हणून हा आकडा बघून गोळ्या सुरू करणं म्हणजे अंधारात तीर.

खरी तक्रार लोहाची. रक्तातलं लोह एकाच दिवसात खालीवर होतं. साठा दाखवतं ते फेरिटिन, आणि नेमकं तेच बऱ्याच पॅकेजमध्ये नसतं. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन 30 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असू शकतं. दम लवकर लागतो, वेळ सुधरत नाही, अशा वेळी, विशेषतः पाळी येणाऱ्या खेळाडूंनी, पॅकेज सोडून फेरिटिन आणि सीबीसी (हिमोग्लोबिन व रक्तपेशींची मोजणी) एवढंच करावं. मात्र सर्दी-ताप असताना किंवा जोरदार सरावाच्या दुसऱ्या दिवशी नको, फेरिटिन फुगलेलं येतं. दोन-तीन दिवस हलका सराव, मग सकाळी सॅम्पल.

रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर सोडियम-पोटॅशियम जरूर तपासा, पण डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे.