‘टू द लाइटहाउस’ : ड्रॉइंगच्या बाईंनी जरूर घ्यावं

इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फच्या ‘टू द लाइटहाउस’ या कादंबरीची इंग्रजी पेपरबॅक मला संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात मिळाली, दोनशे रुपयांच्या आत. बांधणी चिवट आहे. आमच्या सेलूच्या उन्हाळ्यात स्वस्त पुस्तकांचा डिंक सुकून पानं सुटतात, हिची सुटली नाहीत. टाइप मात्र बारीक आणि समास अरुंद; चष्मा असलेल्यांनी दुकानातच एक पान वाचून बघावं. प्रस्तावना शेवटी वाचा. कोण कधी मरतं ते तिथे आधीच सांगून टाकलंय, आणि या पुस्तकात ते मृत्यू अवचितच यायला हवेत. एक मात्र मलाही पुढे सांगावाच लागलाय.

मी शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा वाचलंय ते त्या बाजूने.

कादंबरी १९२७ सालची. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर रॅम्झी कुटुंब सुटीला आलंय. तत्त्वज्ञ नवरा, देखणी बायको, आठ मुलं, वर पाहुणे. धाकट्याला दीपगृहावर जायचंय, वडील म्हणतात उद्या हवा नीट नसणार. घटना म्हणाल तर एवढीच. पाहुण्यांत लिली ब्रिस्को आहे, ३३ वर्षांची, बिनलग्नाची, हिरवळीवर ईझल मांडून बसलेली. मधल्या भागात दहा वर्षं जातात, महायुद्ध होतं, मिसेस रॅम्झी जाते. तिसऱ्या भागात ४४ वर्षांची लिली त्याच हिरवळीवर ते अर्धवट राहिलेलं चित्र पुन्हा मांडते.

कादंबऱ्यांमधले चित्रकार मला सहसा खरे वाटत नाहीत. त्यांना स्फुरतं, रात्रभर जागतात, सकाळी चित्र तयार. लिलीचं अडलंय रचनेत. उजवीकडचा भार डावीकडच्या भाराशी जोडायचा कसा? खिडकीत मुलाला गोष्ट वाचून दाखवणारी आई तिने जांभळा त्रिकोण म्हणून मांडलीय. मिस्टर बँक्स नावाचे सभ्य गृहस्थ विचारतात, हे काय? इथे उजेड आला म्हणून तिथे गडद हवं होतं, असं तिचं उत्तर. रात्री जेवताना तिला एकदम सुचतं की झाड आणखी मध्ये घ्यायला पाहिजे, आणि विसरू नये म्हणून ती टेबलक्लॉथच्या नक्षीवर मिठाचं भांडं सरकवून ठेवते. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींना संकल्पचित्र शिकवताना हे मी बघते. डोळे फळ्याकडे, बोट बाकावर, आणि बोटाखाली आकार सरकत असतो. वुल्फने हे जवळून पाहिलेलं असणार. तिची सख्खी बहीण व्हॅनेसा बेल चित्रकार होती. पहिल्या आवृत्तीचं वेष्टनही व्हॅनेसानेच केलं.

चार्ल्स टॅन्स्ली नावाचा तरुण पाहुणा लिलीला ऐकवतो की बायकांना चित्र काढता येत नाही, लिहिता येत नाही. ब्रश उचलला की ते तिच्या कानात वाजतं. एवढ्यावरच पुस्तक थांबलं असतं तर मी त्याला इतकं मानलं नसतं. तोच टॅन्स्ली जेवणाच्या टेबलाशी अवघडून बसलाय. त्याला बोलायचंय, आणि बाईने पुढे होऊन त्याला बोलतं करावं अशी रीत आहे. लिली ठरवते, आज नाही करायचं, बघू काय होतं ते. मग मिसेस रॅम्झीची एक नजर येते आणि लिली त्याच्याशी गोड बोलते. दहा वर्षांनी ती कॅनव्हाससमोर उभी असताना विधुर मिस्टर रॅम्झी शेजारी येऊन थांबतात. तोंडाने काही मागत नाहीत, मोठा उसासा टाकतात. त्यांना तिची सहानुभूती हवीय, आणि ते तिथे असेपर्यंत तिच्याने काम होईना. शेवटी ती त्यांच्या बुटांची तारीफ करते आणि ते खुलतात.

ब्रश कुणी हिसकावून घेत नाही. मागतात ते तिचं लक्ष, थोडं थोडं, दिवसभर. माझंही तसंच जातं. गॅदरिंग आलं की फलकलेखन, रांगोळी, व्यासपीठामागची सजावट, पाहुण्यांना ओवाळायचं ताट, सगळं ‘बाई, तुमचा हात छान आहे’ म्हणत माझ्याकडे येतं. माझ्याच ओळखीतल्या एका सरांना भिंतीवर चित्र काढायचं मानधन मिळतं, सत्कारात त्यांना ‘चित्रकार’ म्हणतात. ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, दोघांची सारखीच. मला याचा राग येतो, आणि तो इतका नेमका कागदावर उतरलेला मी याआधी वाचला नव्हता.

आयरिश लेखक जेम्स जॉइसने १९१६ साली एका तरुण कलावंताची कादंबरी छापली. तिचा नायक शेवटी घर, धर्म, देश मागे टाकून निघतो. लिलीला मात्र लंडनला परतून वडिलांचं घर सांभाळायचंय. पुढे १९२९ मध्ये वुल्फने लिहिणाऱ्या बाईसाठी रोकडा हिशेबच मांडला : वर्षाला पाचशे पौंड आणि आतून कुलूप लावता येईल अशी खोली.

मिसेस रॅम्झीवर पुस्तक दात धरत नाही, ते मला आवडलं. लिलीने लग्न करावं हा तिचा धोशा, लिलीची चित्रकला ती फारशी मनावर घेत नाही. तरी अनोळखी माणसं एका टेबलाशी बसवून त्यांची संध्याकाळ घडवणं ही तिची कला आहे, आणि लिलीला ती दिसते. त्या जेवणातल्या फ्रेंच पदार्थाची वाहवा मात्र आजीची कृती म्हणून मिसेस रॅम्झीकडे जाते. त्याच्यासाठी तीन दिवस खपलेली असते स्वयंपाकीण.

इथे माझं वुल्फशी जमत नाही. मधल्या भागात बंद घर झाडायला येणारी म्हातारी मिसेस मॅकनॅब एक जुनं गाणं गुणगुणते. वुल्फला त्यात अर्थ उरलेला ऐकू येत नाही, जणू ते बुद्धी नसलेला आवाज आहे. आमच्याच परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. नामदेवांच्या घरी दळणकांडण, झाडलोट करणारी दासी, आणि तिचे अभंग आजही आषाढीला वाटेने ऐकू येतात. जात्यावर बसलेली बाईच कवी असू शकते, हे आम्हाला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. मॅकनॅब आणि तिच्या जोडीची बास्ट ते घर पडण्यापासून वाचवतात, एवढं श्रेय वुल्फ देते. पण लिलीला दिलं तसं मन त्यांना देत नाही, आणि तिच्यासारख्या लेखिकेकडून हे मला फार लागलं.

भाषेबद्दल : वाक्यं लांब आहेत, आणि एकाच वाक्यात एकाच्या मनातून दुसऱ्याच्या मनात जातात. सध्या कोण विचार करतंय तेवढं पेन्सिलीने समासात लिहीत गेलं की निभतं. फारच जड गेलं तर पहिल्या भागातलं सतरावं प्रकरण, जेवणाचं, आधी वाचा. ए.टी.डी. करणाऱ्या मुलींनी आणि शाळेतल्या कलाशिक्षिकांनी हे घ्यावंच. मोठ्या टाइपची प्रत मिळाली तर शंभर-दीडशे जास्त गेले तरी तीच घ्या.