जपानी भाषाशाळेच्या प्रवेशाच्या नावाखाली माझे ५,७८,००० रुपये गेले

आकडा आधीच लिहिते, कारण गेले कित्येक महिने मी तो नातेवाइकांना कमी करून सांगत आलेय. 'दोन-तीन लाख गेले' म्हणायचं आणि विषय बदलायचा. नोंदणीचे १५,०००, शाळेच्या 'निवड शुल्का'चे १८,५००, कागदपत्रांच्या भाषांतराचे १२,५००, वर्षाच्या फीचे ४,६४,००० आणि वसतिगृहाच्या अनामतीचे ६८,०००. एकूण ५,७८,०००. सगळे माझ्या निवृत्तीच्या पैशांतले.

मी ५३ वर्षांची आहे, पुण्यात राहते. २०२२ मध्ये बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि जपानी शिकायला लागले. पुण्यात जपानी शिकणं काही जगावेगळं नाही, रानडे इन्स्टिट्यूटपासून गल्लीतल्या क्लासपर्यंत सगळीकडे वर्ग चालतात. डिसेंबर २०२३ मध्ये जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फोर पातळी पास झाले. मिस्टर जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगी बंगळूरला. वाटलं, दीड-दोन वर्षं जपानमध्येच राहून नीट शिकावं. हे एवढ्यासाठी सांगते की 'या वयात कशाला' हा प्रश्न मला पोलिसांपासून चुलत जावेपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय.

आधी मी स्वतःच सहा शाळांना मेल केले होते. चौघांची उत्तरं आली. दोघांनी सरळ कळवलं, शेवटचं शिक्षण संपून पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर आम्ही घेत नाही. उरलेल्या दोघांनी प्रश्नांची सरबत्ती केली. पदवी कधी घेतली, मधली तीस वर्षं काय केलं, जपानी शिकून पुढे काय करणार, खर्च कोण करणार, परत कधी येणार. वर 'रियूशो' मागितलं, म्हणजे कारणांचं सविस्तर पत्र. मला अपमान वाटला. वीस वर्षांच्या पोराला असं विचारता का, असं मनात आलं.

आणि नेमका तेव्हा हा एजंट भेटला. ऑगस्ट २०२४. भाड्याचं का होईना, चांगलं ऑफिस होतं, भिंतीवर फुजीचा फोटो. "ताई, वयाचं टेन्शनच घेऊ नका. क्योतोच्या शाळेशी आपलं टायअप आहे, सीनियर कोट्यातून करून देतो." असा कोटाबिटा काही नसतो. विद्यार्थी म्हणून जायला कायद्यात वयाची वरची मर्यादा नाही, पण वय जास्त असलं की इमिग्रेशनला कारण पटवून द्यावं लागतं. म्हणून तर त्या शाळा एवढं विचारत होत्या. ज्यांना माझा अर्ज खरंच पुढे न्यायचा होता त्यांनीच मला प्रश्न विचारले. या माणसाने पाच महिन्यांत एकदाही विचारलं नाही की मला जपानी का शिकायचंय. मला ते किती बरं वाटलं होतं, हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

सगळ्यांना माहीत आहे तसंच पुढे झालं. आधी छोटी रक्कम, पावती, गोड बोलणं, मग 'सीट जाईल' ची घाई. १८ नोव्हेंबरला मी फीचे ४,६४,००० आरटीजीएस करायला माझ्याच जुन्या बँकेच्या शाखेत गेले. काऊंटरवरच्या मुलीने फॉर्म पाहिला आणि विचारलं, "मॅडम, फी जपानच्या शाळेची ना? मग खातं एका माणसाच्या नावावर कसं? आणि आयएफएससी तर डोंबिवलीचा दिसतोय."

मी तिला एजंटचंच वाक्य ऐकवलं. शाळेला थेट पाठवले तर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना आधीच घेतला जाणारा कर, कापतात, म्हणून ते इथे रुपयांत घेतात आणि एकत्र पाठवतात. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म असतो, तो भरून थेट पाठवता येतात, मॅडम. शाळेचं इनव्हॉइस आणा, मी करून देते." मी म्हटलं, आज शेवटचा दिवस आहे, तू कर. तिने केलं.

मी अठ्ठावीस वर्षं बँकेत काढली आहेत. लोकांना याच गोष्टी समजावून सांगितल्या आहेत. आमच्या शाखेत परदेशी चलनाचं काम नव्हतं हे खरं, मी कॅश आणि क्लिअरिंगला होते हेही खरं. पण सात लाखांपर्यंत तेव्हा टीसीएस लागतच नव्हता, आणि लागला तरी रिटर्नमध्ये परत मिळतो, हे मला एका फोनवर कळलं असतं. त्याने येनला ५८ पैसे दर लावला होता, बाजारात त्या दिवशी ५५ पैशांच्या आसपास होता. तेही पाहिलं नाही.

शिवाय मुळात तेव्हा फी भरायचीच नसते. शाळा आधी फक्त निवड शुल्क घेते, साधारण वीस-तीस हजार येन. मग शाळाच इमिग्रेशनकडे सीओईचा, म्हणजे जपानमध्ये राहण्याच्या पात्रतेच्या दाखल्याचा, अर्ज करते, त्याला सरकारी फी नाही. सीओई मंजूर झाल्यावर शाळा फीचं बिल पाठवते, तेही शाळेच्या नावाच्या जपानमधल्या खात्यावर. सीओईच्या आधी कोणी वर्षाची फी मागितली तर उठून बाहेर पडा.

१४ जानेवारीला व्हॉट्सॲपवर सीओईचा फोटो आला. जरा पुसट होता. मी चष्मा लावून एकेक कांजी, म्हणजे जपानी चिन्हाक्षर, लावत बसले, आणि एका रकान्यात मला 'काझोकु' वाचता आलं. काझोकु म्हणजे कुटुंब. मला इतका आनंद झाला की मी मुलीला फोन करून सांगितलं, बघ, सरकारी कागद वाचता येतोय मला! त्या रकान्यात 'ऱ्यूगाकु' हवं होतं, म्हणजे परदेशी शिक्षण. तिथे होतं 'काझोकु ताइझाइ', म्हणजे कुटुंबीय म्हणून वास्तव्य. कुणाच्या तरी बायकोच्या कागदावर माझं नाव चिकटवलेलं. ती अक्षरं मला येत होती, मी ती वाचली, आणि तरीही मला कळलं नाही. एप्रिलच्या बॅचचे निकाल फेब्रुवारीच्या अखेरीस लागतात, जानेवारीच्या मध्यात नाही. क्योतोच्या शाळेचं काम ओसाकाचं इमिग्रेशन कार्यालय बघतं, कागदावर तोक्यो होतं. हे सगळं नंतर कळलं.

वसतिगृहाचे ६८,००० मी त्या फोटोनंतर भरले.

फेब्रुवारीत त्याचा फोन लागेना, तेव्हा मी शाळेला मेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं. तुमच्या नावाचा अर्ज आमच्याकडे नाही, या एजंटशी आमचा संबंध नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, आणि खात्यात काही शिल्लक नाही असं कळलं. तिथे लगेच, काही तासांत फोन केला तर पैसे गोठवता येतात. मला तीन महिने झाले होते. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, ही दिवाणी बाब आहे. दुसऱ्यांदा गेले तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा सांगितलं, खातं डोंबिवलीचं, तिकडे जा. डोंबिवलीला गेले तर ऑफिस पुण्यात होतं ना, मग पुण्यातच करा. परदेशी पाठवणाऱ्या एजंटांची सरकारकडे नोंदणी असते म्हणून त्या कार्यालयालाही लिहिलं, तर तो कायदा नोकरीसाठी पाठवणाऱ्यांना लागू आहे, विद्यार्थ्यांच्या एजंटांना नाही. म्हणजे शिकायला जाणाऱ्याला कोणीही लुटावं, विचारणारं कोणी नाही! आणि एका हवालदाराने सगळ्यांसमोर, हसत विचारलं, "काकू, या वयात जपानला जाऊन काय करणार होतात?" मी फसवणूक सांगायला गेले होते आणि जाब मलाच द्यावा लागत होता.

हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते. घेतली नाही तर वरिष्ठांना लेखी, पोस्टाने पाठवा, मग दंडाधिकारी आहेतच. हे मला एका वकिलाने २,००० रुपये घेऊन सांगितलं. पोलीस ठाण्यात कोणी सांगितलं नाही. रजिस्टर पोस्टाने पत्र गेल्यावर नवव्या दिवशी फोन आला, आणि गुन्हा दाखल झाला. त्या दिवशी कळलं की माझ्यासारख्या आणखी दोघी आहेत, दोघीही पन्नाशीच्या पुढच्या.

शाळांची यादी जपानच्या इमिग्रेशनकडे खुली असते, आणि एप्रिल २०२४ पासून तिथल्या शिक्षण मंत्रालयाने मान्यतेची नवी पद्धत आणली आहे, तीही यादी बघता येते. पण यादीत शाळा आहे म्हणजे एजंट खरा असं नाही. माझी शाळा खरीच होती. तुम्ही कुणाला पैसे दिले असतील तर आजच शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर मेल करा. पासपोर्टवरचं नाव आणि जन्मतारीख लिहा, आणि माझा अर्ज तुमच्याकडे आलाय का, एवढंच विचारा. मोडक्या जपानीत लिहिलं तरी चालतं. मी तसंच लिहिलं होतं.