ऑल-टेरेन टायर आणि कंप्रेसर: रॉबर्स रूस्टची धूळ खाल्ल्यानंतर

वसंतात आमच्या टोयोटा फोररनर एसयूव्हीला लोड रेंज ई चे (म्हणजे जास्त भार पेलणारे) ऑल-टेरेन टायर, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारे टायर बसवले, सोबत टायरमध्ये हवा भरायचा १२ व्होल्टचा कंप्रेसर घेतला. राहतो सॉल्ट लेक सिटीत, त्यामुळे रोजची धाव हायवेवरच. खरा कस लागला तो आग्नेय युटात, रॉबर्स रूस्टच्या पट्ट्यात.

बुच कॅसिडी या अमेरिकन दरोडेखोराच्या टोळीचा हा अड्डा. २१ एप्रिल १८९७ ला कॅसल गेटच्या कोळसा कंपनीचा पगार भरदिवसा लुटून मंडळी इकडे पळाली. टेलिग्राफच्या तारा तोडलेल्या, वाटेत ताजे घोडे आधीच ठेवलेले. इथलं पाणी कुठे सापडतं हे टोळीला ठाऊक, पाठलागावरच्यांना नाही. आजही मागून मदत सहज येत नाही. हायवे २४ सोडला की हान्स फ्लॅट रेंजर स्टेशनपर्यंत (राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षकांची चौकी) ४६ मैल कच्चा रस्ता, तिथे ना पेट्रोल ना पाणी. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर बिल हजार डॉलरच्या पुढे सहज जातं. म्हणून टायरच्या बाबतीत मी जरा चोखंदळ आहे.

तक्रारी आधी. हायवेवर घूं घूं आवाज येतो, मायलेज पडलंय आणि स्टिअरिंग जड वाटतं. पण वाळूच्या दगडाची धारदार कड एकदा बाजूला घासली, अंगठ्याएवढा काप पडला, आतले धागे मात्र दिसले नाहीत. तिथेच पैसे वसूल. ओल्या चिकणमातीत यांचा उपयोग शून्य! खाचांत लाल चिखल बसला की टायर गुळगुळीत होतो. याच भागातल्या फ्लिंट ट्रेल या कच्च्या घाटरस्त्याची वळणं अशी की लांब गाडी पुढेमागे करत वळवावी लागते. पाऊस दिसला तर तिकडे फिरकूच नका.

माझ्या मते जास्त कामाचा निघाला तो कंप्रेसर. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा आहे. टायरमध्ये ३८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर दात वाजतात, २२ वर आणलं की डॅशबोर्डसुद्धा गप्प. अर्थात हवा काढायची हिंमत परत भरता येते म्हणूनच. वायरचे चिमटे थेट बॅटरीला लावायचे, इंजिन चालू ठेवायचं. उन्हाळ्यात तिसऱ्या टायरनंतर हा तापून आपोआप बंद पडतो, मग चहाची सुट्टी. नळीच्या पितळी आट्यांत वाळू अडकते. जुना टूथब्रश जवळ ठेवा. पुढचा घेईन तो दोन सिलिंडरचा, टायर मात्र हेच.

फक्त जवळचं गॉब्लिन व्हॅली हे पर्यटनस्थळ बघायचं असेल तर यातलं काहीच घेऊ नका, तिथवर डांबरी रस्ता आहे.