नीलवरच्या चार रात्री, सहा महिन्यांनंतर

फेब्रुवारीत आम्ही पाच जण अंदमानातल्या नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर, चार रात्री राहून आलो. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं निळं पाणी आणि पांढरी वाळू एवढंच कौतुक झालं असतं. आता सहा महिने झालेत आणि घरात अजून कशाचा विषय निघतो ते कळलंय, म्हणून आत्ता लिहितेय.

जागा अगदी साधी. नारळी-पोफळीच्या बागेत आठ खोल्या, बांबूच्या भिंती, पुढे छोटीशी पडवी. टीव्ही नाही, पोहायचा तलाव नाही, इंटरनेट नावापुरतं. नळाचं पाणी किंचित खारट, त्यामुळे केस राठ झाले. दुसऱ्या रात्री दीड तास वीज नव्हती. पण मच्छरदाण्या धड होत्या, चादरी स्वच्छ होत्या, आणि पडवीपासून वाळूपर्यंत वाटेत एकही पायरी नव्हती. माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास. त्या कोणाचा हात न धरता रोज पाण्यापर्यंत जात होत्या. दुप्पट पैसे मोजून घेतलेल्या मोठ्या हॉटेलांत त्यांना हे कधी जमलं नव्हतं.

आई, म्हणजे सासूबाई, मूळच्या गुहागरच्या. पोहोचल्या दिवशीच त्यांनी तिथी विचारली. त्रयोदशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा त्यांच्या माहेरचा हिशोब: तेरा पाऊणे पावणेदहा. प्रत्यक्षात भरती तासाभराने आधीच येऊन गेली होती. आईंना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्या पहाटेपासून खुर्ची टाकून बसल्या, वाळूत काठी रोवली आणि पाणी कुठवर चढतं ते बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "वेळ इथली वेगळी, पण रोज पाऊण तास पुढे सरकतं ते मात्र आपल्यासारखंच." त्यानंतर आमचा सगळा दिवस त्यांच्या काठीवर ठरला. लक्ष्मणपूरचा दगडी पूल, ज्याला तिथले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात, तो ओहोटीलाच नीट गाठता येतो. आम्ही आईंच्या अंदाजाने सव्वातीनला पोहोचलो. खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, तारामासे, ओठ मिटून घेणारे शिंपले, सगळं हातभर अंतरावर. प्रवाळाचे तुकडे पायांना कापतात, रबरी बूट न्याच. आमचे अजून शाबूत आहेत आणि पावसाळ्यात रोज वापरात आहेत.

तिथे अंधार लवकर पडतो. बेट पुष्कळ पूर्वेला, घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे फेब्रुवारीतही साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. दुपारी झोपलात तर दिवस गेलाच म्हणून समजा.

धाकटीने पहिल्या दिवशी फ्रॉकभर शंख गोळा केले होते. शंख-प्रवाळ बेटाबाहेर नेऊ देत नाहीत, विमानतळावर सामान तपासतात, हे स्वयंपाकघरातल्या दादांनी तिला समजावलं, तेव्हा ती रुसली. रात्री बॅटरी घेऊन त्यांनी तिला वाळूत नेलं. एक खेकडा पाठीवर फुटका शंख घेऊन चालला होता. तिने आपला एक शंख त्याच्यापुढे ठेवला. खेकडा थांबला, नांगी आत घालून चाचपून बघितलं, सावकाश फिरवला आणि एका झटक्यात जुन्यातून निघून नव्यात शिरला. त्याचं मऊ, वाकडं पोट क्षणभरच दिसलं. सकाळी उठून तिने सगळे शंख स्वतः परत नेऊन ठेवले. शाळेत 'माझी सुट्टी' लिहायला दिलं तेव्हा तिने या खेकड्याशिवाय दुसरं काहीच लिहिलं नाही.

जेवण बंगाली वळणाचं, भाजी बेटावरच पिकलेली, ताजी. मोहरीच्या तेलाचा वास आईंना पहिले दोन दिवस सोसवेना. मी नेलेली आमसुलं त्यांनी दादांना दिली आणि शेजारी बसून सुरमईचं कालवण करून घेतलं. दादांनी उरलेली आमसुलं मागून घेतली.

एका गोष्टीचा मात्र खरोखर मनस्ताप झाला. ज्याच्याकडून परतीची बोट काढली होती, त्याने वाऱ्यामुळे फेरी रद्द झाल्याचं निघायच्या तासभर आधी कळवलं, आणि पैसे मिळायला अडीच महिने लागले. दुपारच्या सरकारी बोटीत कशीबशी जागा मिळाली. म्हणून बेटावरून येऊन त्याच दिवशीचं विमान कधीही धरू नका. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, एक रात्र हाताशी ठेवा. आमची ती रात्र सेल्युलर जेलमुळे सार्थकी लागली. सातपैकी तीनच इमारती उरल्यात. सावरकरांच्या कोठडीपर्यंतचे जिने आई बसत-उठत चढल्या, आणि दाराचा कडीकोयंडा बाहेर भिंतीत केवढा लांब नेलाय ते हाताने चाचपून आल्या.

बरेच लोक नील सकाळी येऊन संध्याकाळी उरकतात. माझं कळकळीचं सांगणं, किमान तीन रात्री राहा आणि तारखा पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास धरा. आमच्या वेळी ओहोटी त्यामुळेच दुपारी, उजेडात आणि चांगली लांबवर मिळाली. पुढच्या फेब्रुवारीच्या तिथ्या आईंनी आत्ताच काढून ठेवल्यात, तासभर वजा करून.