दुचाकीवर तीन दिवस: घाटातून रायगड की किनाऱ्याने हर्णे?

पुण्याहून तीन दिवसांची सुट्टी काढून बाइकवर निघायचं, तर दोन चांगले फेरे आहेत. एक घाटातला: वाई, महाबळेश्वर, प्रतापगड, महाड, रायगड आणि ताम्हिणीने परत. दुसरा किनाऱ्याचा: ताम्हिणी उतरून दिघी, जंजिरा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णे, दापोली. पहिल्यांदाच जाणार असाल तर घाटातला करा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे दिवसाचं वेळापत्रक तुमच्या हातात राहतं. किनाऱ्यावर ते होडीवाले, जंगलजेटी (खाडीपार गाड्या नेणारी फेरीबोट) आणि समुद्र ठरवतात.

पहाटे निघालात तर नाश्त्याला वाई. ढोल्या गणपतीला सगळेच जातात, पण मेणवलीला वळल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे आणि तिथल्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. अगदी जवळ जाऊन पाहा: तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल दिसेल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेतून ही इकडे आली. अर्धा तास मोडला तरी चालेल, महाबळेश्वरच्या बाजारातला वेळ कमी करा.

प्रतापगडावर गाडी बरीच वरपर्यंत जाते. बुरुजावरून जावळीचं खोरं दिसलं की १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीसाठी महाराजांनी हीच जागा का निवडली, हे वेगळं सांगावं लागत नाही. पुढचा आंबेनळी घाट वळणावळणाचा आहे. मागे कोणी बसलं असेल तर खालच्या गिअरमध्येच उतरा. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि पकड कमी होते. महाडला मुक्काम करा आणि चवदार तळं पाहा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी इथे पाणी हातात घेतलं.

रायगडाला अख्खा दिवस द्या. गुडघे दुखत असतील तर रोपवे आहे. हेल्मेट आणि बॅगा मुक्कामावरच ठेवा, कारण पायऱ्या चढताना त्यांचं ओझं नको होतं. उतरल्यावर पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, तिथे थांबा.

किनाऱ्याचा फेरा मला कमी प्रिय आहे असं नाही. जंजिऱ्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, हा अनुभव डोंगरी किल्ल्यावर मिळायचा नाही. सिद्दीचा हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही. त्याला शह द्यायला महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला. पण होडी भरेपर्यंत थांबा, किल्ला पाहा, परत या, यात अर्धा दिवस सहज जातो. पुढे बागमांडल्याहून वेसवीला जंगलजेटीने सावित्रीची खाडी ओलांडायची. जेटीचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, तेव्हा पुढचा ब्रेक जपून वापरा. पलीकडे वेळास, केळशी, आंजर्ले हा रस्ता अरुंद, पण दोन्ही फेऱ्यांत मला सगळ्यात आवडणारा. हर्णे बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव आणि मागे पाण्यात सुवर्णदुर्ग. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तोही आहे, आणि रायगड-प्रतापगडही. हे सगळं धावतपळत उरकायचं नसेल तर चौथा दिवस हवाच. शिवाय खाऱ्या हवेत चेन लवकर गंजते, म्हणून घरी आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल द्या.

पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात आणि घाटात धुकं, दरडी. त्यामुळे दोन्हींसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी चांगला. माझं मत एकाच परिस्थितीत बदलतं: मार्चमध्ये चार दिवस मोकळे असतील तर किनाराच घ्या. तेव्हा वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात. मुक्कामाची सोय गावात घरगुती असते, ती मात्र आधी फोन करून पक्की करा.