पीएक्स प्रेशर एक्स्चेंजर: वीज वाचवतो, पण गाळ सोसत नाही

समुद्राचं पाणी मेंब्रेनमधून (बारीक पडद्यातून) दाबून गोड करणाऱ्या आरओमध्ये वीज खातो तो हाय प्रेशर पंप. 60 बार दाब आणि 40 टक्के रिकव्हरी (आत गेलेल्या पाण्यातलं गोड होऊन निघणारं) धरली, तर 1 घनमीटर गोड पाण्यासाठी अडीच घनमीटर पाणी दाबावं लागतं; 85 टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला साधारण 4.9 युनिट. उरलेलं दीड घनमीटर खारं पाणी दाबासकट वाया!

एनर्जी रिकव्हरी कंपनीचा पीएक्स तोच दाब फिरत्या सिरॅमिक रोटरमधून नव्याने येणाऱ्या समुद्राच्या पाण्याला देतो. मोठ्या पंपावर 1 घनमीटरच उरतं, बूस्टर (पीएक्समधून निघालेल्या पाण्याचा कमी पडणारा दाब भरून काढणारा छोटा पंप) धरून 2.1 युनिटच्या आसपास.

खोट आहेच. दोन्ही पाणी रोटरमध्ये थोडं मिसळतं, मेंब्रेनपुढचा खारटपणा 2-3 टक्के वाढतो, दाबही थोडा चढवावा लागतो. सुरू करताना आधी फीड पंप (समुद्राचं पाणी आत आणणारा), मग बूस्टर, शेवटी हाय प्रेशर. पाइपातला कचरा फ्लश न करता जोडलात तर रोटर अडकतो. पीएक्सचा आवाज थांबला आणि मेंब्रेनच्या तोंडाशी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) उसळला, की रोटर अडकला समजा. बंद ठेवताना गोड पाण्याने धुवा.